मोठीचा चुडा

"चालताना हात एवढे हलवू नकोस," मंदा म्हणाली. "मोर्चाला निघाल्यासारखी दिसतेस."

"मग काय करू? खिशात घालू? साडीला खिसे नसतात."

"एका हातानं पदर धर, एका हातात पिशवी घे. झाले दोन्ही हात कामाला."

मी पदर धरला. एसटी स्टँडच्या मागं रसवंतीच्या भिंतीला लागून आम्ही दोघी उभ्या होतो. दिवेलागण होत होती आणि भैरोबाच्या देवळाकडून लाउडस्पीकरचा आवाज यायला सुरुवात झाली होती. मंदानं माझ्या खांद्यावरची पिन काढून पुन्हा लावली, एक पाऊल मागं सरकून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चांगली दिसतेस. अप्पांची उंची घेतलीस तेवढीच चूक झाली."

मंदा माझी धाकटी बहीण. ती शाळेत होती तोवर मी तिचा दादा होते. एकोणिसाव्या वर्षी मी घर सोडून पुण्याला गेले आणि पुढच्या काही वर्षांत तिची ताई झाले. रेवती हे नाव मीच घेतलं. लिहायला हे सोपं आहे, निभावताना नाकी नऊ आले, पण ते पुन्हा कधी तरी. शाळांच्या गॅदरिंगला आणि नाटकांना कपडे भाड्यानं देणाऱ्या एका दुकानात मला काम मिळालं होतं. दिवसभर राजांच्या अंगरख्यांना बटणं लावायची आणि पऱ्यांचे पंख शिवायचे. मालकिणीला माझं सगळं ठाऊक होतं. "काम नीट कर, बाकी तुझं तू बघ," एवढंच ती म्हणाली होती, आणि मी तिच्यावर अजून जीव टाकते.

घरात माझा पत्ता फक्त मंदाला माहीत होता. कॉलेजच्या कामाचं निमित्त काढून ती दोनदा पुण्याला येऊन गेली होती. पहिल्यांदा ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहून नुसती रडली. दुसऱ्यांदा आल्या आल्या तिनं माझी ट्रंक उघडली आणि साड्या अंगाला लावून पाहायला लागली. तेव्हापासून आमचं छान जमलं.

तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. मुलगा सांगलीकडचा, हायस्कुलात शिक्षक, आणि मंदाला मनापासून आवडलेला. मला त्या लग्नाला जायचं होतं. मानपान नको होता, फोटोत उभं राहायचं नव्हतं. मागच्या खुर्चीवर बसून अक्षता टाकायच्या, पंगतीला जेवायचं आणि निघायचं. त्यासाठी मी दोन महिने मंदाच्या मागं लागले होते. ती म्हणे, आईचं मन कळू दे. अप्पांचं मन कळायचं काही बाकी नव्हतं. मी गेल्यापासून त्यांनी घरात माझा विषय काढू दिला नव्हता.

म्हणून हा जत्रेचा बेत. आम्ही जातीनं आणि धंद्यानं कासार. जत्रेत देवळाच्या उजव्या हाताला आमचं बांगड्यांचं पाल लागायचं. आई बायकांच्या हातात बांगड्या भरायची आणि अप्पा गल्ल्यावर बसायचे. पण संध्याकाळी देवाचा छबिना निघाला की अप्पा पालखीबरोबर गावाला वळसा घालायला जात, आणि तेवढा वेळ पालात आई एकटी असे. त्या वेळात मंदाची पुण्याची मैत्रीण म्हणून मी जायचं, गिऱ्हाईक होऊन आईपुढं बसायचं आणि हात पुढं करायचा. तिच्या हातून बांगड्या भरून घ्यायच्या. मग पुढचं पुढं.

"आणि ओळखलं तर?" मी विचारलं.

"ओळखलं तर ओळखलं."

"आणि नाहीच ओळखलं तर?"

मंदानं माझ्या निऱ्या उगाचच पुन्हा सारख्या केल्या. "चल," ती म्हणाली, "आधी थोडं फिरू. जत्रेला आलोय ना आपण."

मी तोवर दोघी बहिणींसारखं तिच्याबरोबर कुठंच हिंडले नव्हते. पुण्यात आम्ही खोलीतच बसायचो. इथं, आमच्याच गावात, जिथं मला पोरगा म्हणून प्रत्येक दगड ओळखत होता, तिथं तिनं माझ्या हातात हात अडकवला आणि गर्दीत घुसली. आम्ही गरम भजी खाल्ली. फोटोवाल्याच्या तंबूतल्या कागदी चंद्रावर बसायचं का म्हणून भांडलो. पाळण्यात बसलो तेव्हा पाळणा वर गेल्यावर मंदा नेहमीसारखी डोळे मिटून माझ्या दंडाला चिकटली.

"लग्न झाल्यावर नवऱ्यालाही अशीच चिकटशील का?" मी म्हटलं.

"तो पाळण्यात बसत नाही. त्याला चक्कर येते."

"अरे देवा. मास्तर आणि वर चक्कर येणारा."

ती डोळे मिटूनच हसली. वरून पालांचे दिवे दिसत होते, त्यात आमचं कुठलं ते मी शोधत होते. मला फार आनंद झाला होता. इतका की भीती विसरले होते.

पाळण्यातून उतरतो तर समोर गोदाकाकू. ही आमच्या शेजारची. तिच्या परसातले पेरू चोरले म्हणून लहानपणी हिनं मला निरगुडीच्या फोकानं झोडपलं होतं. मी पदर डोक्यावर ओढला.

"कोण गं ही, मंदे?"

"माझी मैत्रीण. पुण्याची. रेवती."

काकूनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. "लई उंच हाय की. हिला नवरा शोधायचा म्हंजी माळ्यावर चढून शोधाय लागंल."

"शोधताय का काकू?" मी हळू आवाजात म्हटलं. हळू बोललं की माझा आवाज निभावून जायचा.

काकू खूश झाली. तिनं माझ्या दंडावर थाप मारली. "मंदीच्या लग्नाला यायचं बरं का. उतरायची काळजी नको, माझ्या घरी मोप जागा हाय. येणार न्हवं?"

"येणार तर," मी म्हटलं.

"चल गं," मंदा म्हणाली आणि मला ओढून पुढं घेऊन गेली. काकू दिसेनाशी झाल्यावर मी हसत सुटले. जिनं मला फोकानं मारलं ती मला पाहुणी म्हणून घरी उतरवणार होती. मंदा मात्र हसली नाही. मला वाटलं, पाल जवळ आलं म्हणून ती घाबरली असेल.

तेवढ्यात ढोल वाजायला लागले. छबिना निघाला होता. गुलाल उधळत माणसं पालखीमागं निघाली आणि त्यांच्यात अप्पांचा फेटा मला लांबून दिसला. ते थकले नव्हते. पूर्वीसारखेच ताठ चालत होते. पालखी वेशीकडं वळली तशी आम्ही उजव्या हाताला वळलो.

आई ट्यूबलाइटच्या खाली बसली होती. सात वर्षांनी पाहिलं मी तिला. केस कपाळापासून मागं पांढरे होत गेले होते आणि अंग आक्रसलं होतं, पण बसायची पद्धत तीच, एक मांडी घातलेली आणि एक गुडघा उभा. मागं दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा टांगलेल्या. समोर एक बाई, तिच्या हातात आई लाल बांगड्या भरत होती. आई हात पाहून माप सांगायची. गिऱ्हाइकानं सांगितलेलं माप तिनं कधी धरलं नाही.

या पालात मी लहानपणी बसत असे. फुटक्या बांगड्या वेचायच्या, माळा ओवायच्या, हे माझं काम. सात-आठ वर्षांची असताना एकदा मी लपून दोन्ही हातांत निळ्या बांगड्या चढवल्या आणि मग त्या निघेनात. आईनं मला मागं नेलं आणि साबणाचं पाणी लावून एकेक सोडवली. तोंडानं मात्र म्हणत होती, "कासाराच्या पोरानं बांगड्या विकायच्या असतात, घालायच्या नसतात." अप्पांना तिनं ते सांगितलं नाही. मीही पुन्हा घातल्या नाहीत, निदान तिच्या देखत नाही.

"आई, ही माझी मैत्रीण," मंदा म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "पुण्याहून आलीय. बांगड्या भरायच्यात तिला."

आईनं वर पाहिलं. माझ्याकडं पाहिलं, मंदाकडं पाहिलं, आणि पुन्हा समोरच्या बाईचा हात धरला. "बसा," ती म्हणाली. "हे झालं की घेते."

मी बसले. लाल बांगड्यांची बाई आपल्या सुनेच्या तक्रारी सांगत होती आणि आई "व्हय का, व्हय का" करत होती. मी आईच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का बघत होते. काही नव्हतं. कुठल्याही गिऱ्हाइकाला बसा म्हणावं तसं ती मला बसा म्हणाली होती. ओळखलं नाही, असं मी ठरवून टाकलं. त्याचं वाईटही वाटलं आणि सुटल्यासारखंही.

लाल बांगड्यांची बाई बाजूला सरकली, पण गेली नाही. तिच्या जावेची वाट बघत तिथंच टेकून बसली. आई माझ्याकडं वळली.

"हात."

मी हात पुढं केला. आईनं तो दोन्ही हातांत घेतला. अंगठ्याच्या मुळाशी दाबलं, मग बोटांची पेरं एकेक करून दाबली. ती माप घेताना सगळ्यांचंच असं करते. पण इतका वेळ लावत नाही.

"जांभळ्या आहेत का?" मी विचारलं. पुण्याहून येताना मी ठरवून आले होते, जांभळ्या, वर्खाच्या.

"हिरव्या भरते," आई म्हणाली.

माळांकडं तिनं पाहिलंही नाही. मांडीखालच्या बसकराखाली हात घालून तिनं एक कागदात गुंडाळलेला जुडगा काढला आणि सोडला. हिरव्यागार काचेच्या बांगड्या होत्या. पहिली बांगडी तिनं माझ्या बोटांवर चढवली. "हात सैल सोडा. सैल. लाकडावानी धरू नका."

"सोडलाय."

"न्हाई सोडला."

मी डोळे मिटले आणि हात सोडला. बांगडी पेरांवरून अलगद गेली. दुसरी गेली. आई खाली बघूनच बोलत होती, बायकांशी बोलते तसं.

"पुण्यात कुठं राहता?"

"शनिवारात. एक खोली आहे."

"घरमालकीण बरी हाय?"

"बरी आहे."

"सैपाक कोण करतं?"

"मीच."

तिनं माझं मनगट उलटं केलं. तिथं चटक्याचा डाग होता. "ह्ये काय?"

"कढईचं तेल उडालं."

"तेल एवढं तापवू नये," ती म्हणाली. "आच बारीक करावी, मग टाकावं."

"बरं."

पुढची बांगडी तिच्या हातात फुटली. माझ्या आईच्या हातून बांगडी फुटलेली मी कधी पाहिली नव्हती. आमच्यात फुटली म्हणतही नाहीत, वाढली म्हणतात. लाल बांगड्यांच्या बाईनं लगेच मान वळवली. "चंद्राक्का, आज तुमच्या हातून वाढली?"

"जत्रेचा पहिला दिवस हाय. हात बसला न्हाई अजून." आईनं काचेचे तुकडे वेचून बाजूला ठेवले, माझ्या तळव्यावर कुठं लागलंय का ते बोट फिरवून पाहिलं आणि पुन्हा सुरुवात केली.

दोन्ही हात भरून झाले तसं तिनं करंडा ओढला आणि बांगड्यांना हळदकुंकू लावलं. मग तेच बोट माझ्या कपाळाला टेकवलं. लाल बांगड्यांची बाई हे सगळं बघत होती. "हिरवा चुडा भरला, हळदकुंकू लावलं," ती म्हणाली. "पोरीचं लगीन ठरलंय वाटतं."

आई करंडा झाकत होती. "त्यांच्या घरचं कार्य हाय," ती म्हणाली.

हे मी ऐकलं. मंदाकडं बघायचं धाडस झालं नाही. रीतीप्रमाणं बांगड्या भरून झाल्यावर कासारणीला नमस्कार करतात. मी खाली वाकले. आईनं पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. मग मागं उभी असलेली दुसरी बाई पुढं सरकली, आईनं हात काढून घेतला आणि तिला म्हणाली, "बसा."

पालाबाहेर आल्यावर मी मंदाचा हात घट्ट धरला आणि जवळजवळ पळतच निघाले.

"ओळखलं तिनं," मी म्हटलं. "मंदे, ओळखलं. ऐकलंस ना? घरचं कार्य म्हणाली. घरचं."

"हळू चाल. पडशील."

"तिनं हिरवा भरला गं. मी जांभळ्या मागितल्या तर हिरवा भरला. लग्नात घरच्या बायकांना हिरवा भरतात, बाहेरच्यांना नाही. म्हणजे मी घरची. म्हणजे मी यायचं. तिला तोंडानं बोलता येईना म्हणून तिनं हातात भरून सांगितलं."

कासाराच्या घरात जन्मलेल्या माणसाला याहून सरळ बोलणं दुसरं नाही. बाहेरच्या कुणाला ते कळलंही नसतं, मला मात्र खात्री होती. मी स्टँडपर्यंत बोलतच राहिले. लग्नाला कुठली साडी नेसायची, मोतिया रंगाची की ती आंब्याच्या पानाच्या रंगाची. गोदाकाकूकडंच उतरायचं, तिची गंमत करायची. अप्पांच्या समोर येणार नाही, बायकांच्या बाजूला बसेन. मंदाला नेसवायला सकाळी लवकर येऊ का, नऊवारीच्या निऱ्या मला दुकानातल्या कामामुळं कुणापेक्षाही चांगल्या येतात. मंदा रस्त्याकडं बघत चालत होती. स्टँडवर पुण्याची जादा गाडी लागलेली होती. मी चढायला निघाले तसं तिनं माझा पदर धरला.

"ताई, थांब."

मी वळून पाहिलं तर ती रडत होती. आवाज न करता, लहानपणी अप्पांच्या भीतीनं रडायची तशी.

"काय झालं गं?"

"आईला ओळखायचं काही नव्हतंच. तिनंच तुला बोलावलं होतं."

मला कळेना. मंदा भराभर बोलायला लागली, थांबली तर बोलता येणार नाही अशा भीतीनं.

"तू लग्नाला यायचं म्हणतेस हे मी तिला सांगितलं. मला वाटलं, ती हो म्हणेल. ती दोन दिवस बोललीच नाही. मग म्हणाली, जत्रेत घेऊन ये तिला, हे पालखीबरोबर गेल्यावर. तुला सांगू नको म्हणाली. तुझ्या मापाच्या हिरव्या बांगड्या तिनं व्यापाऱ्याला सांगून मागवून घेतल्या. मीच माप सांगितलं होतं, तुझ्या खोलीवर आले होते तेव्हा बघून ठेवलेलं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. एवढ्या मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या आमच्या पालात कधीच नसायच्या. त्या कुणी मागतच नसे. आणि त्या बसकराखाली बांधून ठेवलेल्या होत्या, हात घातला की सापडतील अशा.

"मग तर झालंच," मी म्हटलं. "मग रडतेस का?"

"लग्नात तुझा चुडा भरता येणार नाही म्हणून आज भरला, ताई."

गाडीचा ड्रायव्हर इंजिन सुरू करून खाली उतरला आणि चहाच्या टपरीकडं गेला. मी त्याच्याकडं बघत राहिले.

"सासरच्यांना अप्पांनी सांगितलंय, एक मोठा मुलगा होता, तो वारला," मंदा म्हणाली. "बैठकीतच सांगितलं. मी आतल्या खोलीत होते. आता तू आलीस आणि कुणी काही बोललं तर, असं आई म्हणते. ती म्हणाली, तिला येऊ देऊ नको. पण आपल्यात धाकटीच्या आधी मोठीचा चुडा भरतात. मोठीचा राहिला आणि धाकटीचा भरला असं माझ्या हातून व्हायचं नाही, म्हणाली. तुझा भरल्याशिवाय माझ्या बांगड्यांना हात लावणार नव्हती ती."

ही रीत मला ठाऊक होती. आमच्याच घरात मावश्यांच्या, आत्यांच्या लग्नात मी ती पाहिली होती. आपल्याला ती लागू होईल असं मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

"मोठी म्हणाली?" मी विचारलं.

"हो."

"मोठीचा, असं? तिच्या तोंडानं?"

"हो, ताई. दोनदा म्हणाली."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्याच्या आधी संताप आला. मी दोन्ही हात वर केले आणि गाडीच्या दाराच्या लोखंडी दांडीवर आपटायला गेले. मंदानं झडप घालून माझी दोन्ही मनगटं धरली.

"नको. वाढवू नकोस. तिच्या हातच्या आहेत."

"वारला म्हणून सांगितलं," मी म्हटलं. "बरं. तो वारला. पण मोठी मुलगी आहे, पुण्याला असते, एवढं सांगायला काय झालं होतं? मुलगी काही वारली नाही."

"मी सांगते. तू म्हण फक्त." मंदा माझी मनगटं सोडत नव्हती. "मी आत्ता घरी जाते आणि सांगते की ताई येणार. मांडवात माझ्या शेजारी उभी राहणार. लग्न मोडलं तर मोडलं. तू म्हण."

ती मनापासून बोलत होती. आजही मला त्यात शंका नाही. मी हो म्हटलं असतं तर तिनं ते केलं असतं, आणि पाळण्यात चक्कर येणाऱ्या त्या मास्तरबद्दल पुन्हा कधी तोंडातून अवाक्षर काढलं नसतं. मी तिच्याकडं पाहिलं. तिच्या बोटांना माझ्या बांगड्यांचं हळदकुंकू लागलं होतं. मघाशी डोळे मिटून ती किती मोकळी हसली होती ते मला दिसत होतं. दोन महिने मी जिच्यामागं एकाच गोष्टीसाठी लागले होते, तिला ती गोष्ट द्यायची तयारी होती, आणि मला ती घेता येईना.

"नाही येत," मी म्हटलं.

"ताई."

"नाही येत म्हटलं ना. वैशाखात दुकानात मरणाचं काम असतं. मालकीण सोडायची नाही."

वैशाखात शाळांना सुट्टी असते आणि दुकानात माश्या मारायच्या असतात, हे मंदाला चांगलं माहीत होतं. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले, भर स्टँडवर, आणि आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. वेशीकडून ढोलाचा आवाज परत जवळ यायला लागला. छबिना वळला होता. अप्पा पालात पोचायच्या आत तिला तिथं असायला हवं होतं.

"जा," मी म्हटलं. "आई एकटी आहे."

ती गेली. चालताना दोनदा वळून बघितलं तिनं. मी हात केला तर बांगड्या वाजल्या, आणि त्या आवाजानं मला गाडीत चढून बसावं लागलं.

मंदा सुखात आहे. तिचा नवरा चांगला निघाला, तिला दोन मुलं आहेत, आणि त्यांना मामा नाही की मावशी नाही. ती कधी कधी फोन करते, दुपारी, घरात कुणी नसताना. आई मंदाच्या लग्नानंतर चार वर्षांनी गेली. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्या रात्रीनंतर मी तिला पाहिलं नाही, आणि गावातही पाय ठेवला नाही.

त्या रात्री गाडी भरली. माझ्या शेजारी एक म्हातारीशी बाई येऊन बसली, मांडीवर प्रसादाच्या नारळाची पिशवी घेऊन. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत ती मला न्याहाळत होती. माझे डोळे पुसून पुसून लाल झाले होते, ते लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. शेवटी तिनं माझा हात आपल्या हातात घेतला आणि गाडीतल्या दिव्याच्या उजेडात बांगड्या बघितल्या.

"म्हायेराहनं निघालीस वाटतं," ती म्हणाली. "रडू नगं बाई. पुढल्या जत्रंला येशीलच की."

मी मान हलवली. मला नाही म्हणायचं होतं, पण तिनं ते हो असंच धरलं.

"लई नेटका बसलाय गं चुडा. एक बी बांगडी मागंपुढं न्हाई. कुणी भरला?"

"आईनं," मी म्हटलं.